नवा डेस्कटॉप जुन्या सिस्टीमवर आणायचा की नाही, हे ठरतं कसं?

२८ फेब्रुवारी २०२४ ला केडीई या गटाचा प्लाझ्मा ६ हा लिनक्सवरचा डेस्कटॉप प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच दिवशी, २९ फेब्रुवारीला, उबुंटू या डिस्ट्रोच्या, म्हणजे तयार जुळवून दिलेल्या लिनक्स सिस्टीमच्या, २४.०४ आवृत्तीचा फीचर फ्रीझ होता. फीचर फ्रीझ म्हणजे यापुढे नवं काही आत घ्यायचं नाही, आहे ते नीट करायचं. त्यामुळे २५ एप्रिलला कुबुंटू २४.०४, म्हणजे प्लाझ्मासह येणारं उबुंटू, बाहेर पडलं तेव्हा त्यात प्लाझ्मा ५.२७ च होता. ही आवृत्ती दीर्घ मुदतीची, म्हणजे जी माणसं एकदा बसवून पुढची दोन-तीन वर्षं हात न लावता वापरतात त्यांच्यासाठीची. तेवढा सगळा काळ त्यांनी जुनाच डेस्कटॉप वापरायचा? प्लाझ्मा ६ बॅकपोर्ट करून, म्हणजे याच सिस्टीमवर मागे आणून, देता येणार नाही का?

हा प्रश्न अगदी रास्त होता, कारण याआधी तसं झालेलं होतं. कुबुंटू २२.०४ आलं तेव्हा त्यात प्लाझ्मा ५.२४ होता, आणि कुबुंटूच्या बॅकपोर्टमधून त्याच सिस्टीमवर ५.२५ आणि पुढे ५.२७ पर्यंत जाता येत होतं. मग ५.२७ वरून ६ वर जायला कोणती भिंत आडवी आली? त्या भिंतीकडे नीट बघितलं की बॅकपोर्टचा जवळजवळ सगळा विषय कळतो. म्हणून तेच उदाहरण धरून पुढे जाऊ.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. बॅकपोर्ट हा शब्द दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात. एक काम असं: नव्या आवृत्तीत एखादी सुरक्षेची दुरुस्ती झाली असेल, तर फक्त तेवढा कोडचा तुकडा उचलून जुन्या आवृत्तीत बसवायचा. रेड हॅट ही लिनक्स कंपनी हे वर्षानुवर्षं करत आली आहे. तिथे प्रोग्रामचा मुख्य आवृत्ती क्रमांक जुनाच राहतो, पण आतली भोकं बुजवलेली असतात. म्हणूनच केवळ क्रमांक बघून निकाल देणारी तपासणीची साधनं अशा सिस्टीमवर कधीकधी उगाच लाल शेरा मारतात. दुसरं काम म्हणजे अख्खं नवं सॉफ्टवेअर, त्याच्या नव्या सोयींसकट, जुन्या सिस्टीमवर आणणं. हा लेख या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

नव्या सिस्टीमवरची पॅकेजची फाइल उचलून जुन्यावर बसवली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. क्वचित जमतंही. पण लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ज्या सिस्टीमवर तयार केला जातो, तिथल्या लायब्रऱ्यांशी, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या कोडच्या संचांशी, बांधला जातो. सगळ्यांच्या तळाला असते ती ग्लिबसी नावाची लायब्ररी. डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोच्या १२ व्या आवृत्तीत ती २.३६ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या ग्लिबसीवर चालवायला गेलात, की हवी ती आवृत्ती सापडत नाही असं सांगून तो सुरूच होत नाही. प्रोग्रामने नवं काही वापरलेलं नसतं, नुसता नव्या जागी बांधला एवढ्यानेच हे होऊ शकतं. उलटं मात्र सहसा चालतं: जुन्यावर बांधलेलं नव्यावर धावतं. म्हणून बॅकपोर्ट करणारा तयार फाइल हलवत नाही. तो मूळ सोर्स घेतो आणि जुन्या सिस्टीमच्या आत नव्याने बांधतो.

आता भिंत. प्लाझ्मा क्यूटी नावाच्या लायब्ररीवर उभा आहे. खिडक्या, बटणं, मेनू, अक्षरं हे सगळं तिच्यातून येतं. प्लाझ्मा ५.२४ पासून ५.२७ पर्यंतचे सगळे क्यूटी ५.१५ वर चालत, आणि उबुंटू २२.०४ मध्ये ५.१५.३ होतीच. म्हणजे वरचा डेस्कटॉप बदलला तरी पायाला हात लावावा लागला नाही. प्लाझ्मा ६ ला मात्र क्यूटी ६.६ हवी, आणि उबुंटू २४.०४ मध्ये आहे ६.४.२. वरवर बघता फरक दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्याचा. मग क्यूटीही बॅकपोर्ट करा, असं कोणीही म्हणेल.

इथे खरी गोष्ट सुरू होते. क्यूटीला दोन बाजू आहेत. एक जाहीर बाजू, जिच्याबद्दल तिचे कर्ते हमी देतात की ६.४ साठी बांधलेला प्रोग्राम ६.६ वरही चालेल. दुसरी आतली, खाजगी बाजू, तिच्याबद्दल कसलीच हमी नाही. ती प्रत्येक आवृत्तीत बदलू शकते. पण काही प्रोग्राम आणि लायब्रऱ्यांना ही खाजगी बाजू वापरल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि डेस्कटॉपचे स्वतःचे भाग त्यांत पुढे असतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये अशा पॅकेजांवर क्यूटीच्या नेमक्या आवृत्तीची गाठ मारलेली असते. क्यूटी हलली की ही सगळी पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात, एकही सुटून चालत नाही. सुटलं तर अपडेट अडून बसतं, किंवा वापरणाऱ्याच्या मशीनवरून एखादा प्रोग्राम काढून टाकायची वेळ येते.

त्यात प्लाझ्मा ६ एकटा येत नाही. त्याच्याखाली केडीई फ्रेमवर्क्स ६ लागतं, तेच मुळात ७० हून अधिक लायब्रऱ्यांचं कुटुंब. त्यावर प्लाझ्माची स्वतःची डझनावारी पॅकेजं. शिवाय पॅनेलवरची विजेट्स आणि थीम प्लाझ्मा ५ साठी लिहिलेल्या असतात, त्यांतल्या पुष्कळ ६ वर तशाच्या तशा चालत नाहीत. म्हणजे 'प्लाझ्मा ६ बॅकपोर्ट करा' या एका वाक्याचा अर्थ होतो: नुकत्याच प्रसिद्ध केलेल्या, तीन वर्षांचं वचन दिलेल्या सिस्टीमचा अर्धा डेस्कटॉप उपटून दुसरा लावा आणि बाकीच्या कशालाही धक्का लागू देऊ नका. माझ्या मते यावर 'नाही' हेच प्रामाणिक उत्तर होतं. ऑक्टोबर २०२४ च्या कुबुंटू २४.१० मध्ये प्लाझ्मा ६.१ आला, सोबत त्याला हवी ती क्यूटी घेऊन.

पण मग केडीई निऑन, म्हणजे केडीईच्याच लोकांची डिस्ट्रो, हे कसं जमवतं? तेही उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच बांधलेलं आहे, आणि त्याने तर प्लाझ्मा ६ त्याहून जुन्या २२.०४ च्या पायावर चढवला. उत्तर असं की निऑन स्वतःची क्यूटी सोबत आणतं आणि वचन फक्त केडीईच्या सॉफ्टवेअरपुरतं देतं. उबुंटूच्या भांडारातला एखादा दुसरा क्यूटी प्रोग्राम त्या बदलामुळे मोडला, तर ती जोखीम तिथे धरलेलीच असते. फेब्रुवारी २०२४ मधल्या त्या उडीत निऑनच्या बऱ्याच वापरकर्त्यांना अपग्रेड करताना त्रास झाला. आज आलेलं आजच हवं म्हणून ज्यांनी निऑन निवडलं, त्यांच्यासाठी हा सौदा ठीक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मशीनसाठी तो ठीक नाही. तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का, आणि आपण कोणाला काय वचन दिलंय, हे प्रश्न असे वेगळे धरावे लागतात.

खोलवरचं सगळंच अवघड नसतं

यावरून असा नियम काढावासा वाटेल की जितकं खोलवरचं पॅकेज, तितका बॅकपोर्ट अवघड. पण कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी थेट बोलणारा सिस्टीमचा गाभा, त्यापेक्षा खोल काय असणार? आणि उबुंटू दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवर नवा कर्नल नियमितपणे आणते. हार्डवेअर एनेबलमेंट, म्हणजे एचडब्ल्यूई, या नावाने मधल्या सहामाही आवृत्त्यांमधला कर्नल आणि ग्राफिक्सचं मेसा जुन्या आवृत्तीत येतं. नवा लॅपटॉप घेतला आणि त्याचा वाय-फाय किंवा ग्राफिक्सच चालत नसेल, तर स्थिर सिस्टीम देऊन उपयोग काय, हा त्यामागचा विचार.

हे जमतं, कारण कर्नल आणि वरचे प्रोग्राम यांच्यामधला करार पक्का आहे. वापरकर्त्याचे प्रोग्राम मोडायचे नाहीत हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा जुना आणि कडक दंडक. वीस वर्षांपूर्वी बांधलेला प्रोग्राम आजच्या कर्नलशी बोलू शकतो तो त्यामुळेच. क्यूटीच्या खाजगी बाजूला असा करार नाही. म्हणून बॅकपोर्टचा विचार करताना खोली मोजण्याआधी सांधा बघावा: हे सॉफ्टवेअर दुसऱ्यांना जिथे जोडलं जातं, तिथे कोणी काय हमी दिली आहे? हमी असेल तर खोलवरची गोष्टही बदलता येते. नसेल तर साध्या दिसणाऱ्या गोष्टीलाही हात लावताना दहा ठिकाणी बघावं लागतं.

दुसरं टोक म्हणजे ज्यांच्यावर कोणीच उभं नाही असे प्रोग्राम. झाडाचं पान बदललं तर फांदीला काही होत नाही, तसंच. लिबरऑफिस हे त्याचं चांगलं उदाहरण. ते अवाढव्य आहे, बांधायला तासन् तास लागतात, पण त्याच्यावर विसंबून असलेली पॅकेजं फार थोडी, आणि त्याला लागणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या ते स्वतःच्या पोटात घेऊन बांधता येतं. डेबियन १२ सोबत लिबरऑफिस ७.४ आलं, आणि बॅकपोर्टमध्ये पुढे २४ च्या मालिकेतल्या आवृत्त्याही मिळाल्या. आकाराने मोठं म्हणजे धोक्याचं, हा समज इथे खोटा ठरतो.

सगळ्यांत निर्धोक बॅकपोर्ट फाँटचा. देवनागरीचा नवा फाँट आला, जोडाक्षरं सुधारली, 'दऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र नीट उमटायला लागला, तर तो कितीही जुन्या सिस्टीमवर बसवायला सहसा काही आड येत नाही. फाँट ही माहितीची फाइल आहे. ती कुठल्या लायब्ररीशी बांधलेली नसते, कुठल्या प्रोसेसरसाठी वेगळी करावी लागत नाही. आपल्या होम फोल्डरमधल्या फाँटच्या जागी टाकली तरी काम होतं, सिस्टीमला हात लावायचीही गरज नाही. मराठीतलं वाचणं-लिहिणं सुधारावं म्हणून कोणी अख्खी डिस्ट्रो बदलायला निघालं, की मी आधी फाँट बदलून बघायला सांगतो.

जुनं ठेवणंच जेव्हा जास्त महाग पडतं

ब्राउझरचं गणित निराळं आहे. फायरफॉक्स रोज अनोळखी संकेतस्थळांवरचा कोड चालवतो, आणि त्यातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या इतक्या नि अशा गुंतलेल्या असतात की त्या सुट्या काढून वर्षानुवर्षं जुन्या आवृत्तीत बसवत राहणं कोणाही डिस्ट्रोच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून 'स्थिर म्हणजे आवृत्ती बदलायची नाही' असं मानणारी डेबियनसुद्धा इथे अपवाद करते. ती फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे जास्त काळ आधार मिळणारी, मालिका देते, आणि त्या मालिकेचा आधार संपला की पुढची अख्खी मालिका जुन्या स्थिर सिस्टीमवर सुरक्षा अपडेट म्हणून आणते.

नव्या फायरफॉक्सला बांधायला नवा रस्ट कंपायलर, म्हणजे रस्ट भाषेतल्या कोडचा प्रोग्राम बनवणारं साधन, लागतो, तो जुन्या डेबियनमध्ये नसतो. मूळ रस्ट बदलला तर त्यावर बांधलेल्या बाकीच्या पॅकेजांचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून डेबियनचे लोक नवा रस्ट वेगळ्या नावाने आणतात, आधी रस्टसी-मोझिला आणि नंतर रस्टसी-वेब या नावांनी. तो फक्त ब्राउझरसारख्या कामांसाठी वापरला जातो, मूळ रस्ट आपल्या जागी तसाच राहतो. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त ब्राउझर अपडेट झालेला दिसतो. या कामाबद्दल मला फार आदर वाटतो.

उबुंटूने याच दुखण्यावर दुसरा इलाज केला. २२.०४ पासून तिथे फायरफॉक्स स्नॅप, म्हणजे आपल्या लायब्रऱ्या सोबत घेऊन येणारं पॅकेज, म्हणून येतो. एकदाच बांधायचा, आणि तोच सगळ्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवर द्यायचा. लोकांना त्याचा सुरू व्हायला लागणारा वेळ आवडला नाही, पण चार आवृत्त्यांसाठी चारदा बांधायचं आणि चारदा तपासायचं ओझं उतरलं हे खरं.

बॅकपोर्ट सोपा की अवघड, हे पुष्कळदा मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्याच हातात असतं. लिनक्स मिंट या डिस्ट्रोचा सिनॅमन हा डेस्कटॉप बघा. मिंट २२ आणि २२.१ दोन्ही उबुंटू २४.०४ च्याच पायावर आहेत, तरी पहिल्यात सिनॅमन ६.२ आहे आणि दुसऱ्यात ६.४. सिनॅमन लिहिणारेच मिंट बांधतात, आणि आपल्या लोकांच्या मशीनवर कोणता पाया आहे हे त्यांना ठाऊक असतं. त्या पायावर नसलेली लायब्ररी मागायची नाही, हे पथ्य ते कोड लिहितानाच पाळतात.

पैसे देणारे ग्राहक असतील तर अवघड बॅकपोर्टही केले जातात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ जून २०१४ मध्ये ग्नोम ३.८ हा डेस्कटॉप घेऊन आलं. त्याच ७ च्या मालिकेत पुढे ३.१४, मग ३.२२ आणि शेवटी ३.२८ आलं. दहा वर्षं चालवायच्या सिस्टीमवर २०१३ चा डेस्कटॉप शेवटपर्यंत सांभाळण्यापेक्षा मधून मधून पुढे सरकवणं त्यांना परवडलं. त्यासाठी लागणारी पगारी माणसं आणि तपासणीची यंत्रणा त्यांच्याकडे होती. हौसेने चालणाऱ्या डिस्ट्रोकडून तीच अपेक्षा धरणं मला बरोबर वाटत नाही.

बांधून झाल्यावर

एकदा बांधणं हे काम एका रविवारचं असू शकतं. त्यानंतरची दोन वर्षं मोजायची असतात. डेबियनमध्ये बॅकपोर्टची जबाबदारी ज्याने तो चढवला त्याची. डेबियनचा सुरक्षा गट स्थिर भांडार सांभाळतो, बॅकपोर्ट नाही. म्हणजे आज बॅकपोर्ट आला, सहा महिन्यांनी त्यात भोक सापडलं, आणि आणणारा नोकरी बदलून दुसरीकडे रमला असेल, तर वापरणाऱ्याकडे नवं पण असुरक्षित सॉफ्टवेअर उरतं. त्यापेक्षा जुनं आणि दुरुस्त केलेलं कितीतरी बरं. म्हणून मी बॅकपोर्टच्या यादीत आधी हे बघतो की तोच माणूस किंवा गट आधीपासून अपडेट देत आलाय का.

पुढच्या आवृत्तीवर जायची वाट मोकळी राहावी म्हणून डेबियनने नियम घालून दिले आहेत. साधारणपणे बॅकपोर्ट पुढच्या आवृत्तीसाठी तयार होत असलेल्या टेस्टिंगमधूनच घ्यायचा. आणि क्रमांक द्यायची पद्धत ठरलेली आहे: मूळ पॅकेज ३.२-१ असेल तर डेबियन १२ साठीचा बॅकपोर्ट होतो ३.२-१~बीपीओ१२+१. मधलं ~ हे चिन्ह महत्त्वाचं. डेबियनच्या हिशेबात ~ लागलं की तो क्रमांक नुसत्या ३.२-१ पेक्षा लहान ठरतो. त्यामुळे तुम्ही डेबियन १३ वर गेलात की तिथलं खरं ३.२-१ आपोआप वरचढ ठरतं आणि बॅकपोर्टची जागा घेतं. हे चिन्ह नसतं तर जुन्यासाठी बांधलेलं पॅकेज नव्या सिस्टीमवर तसंच चिकटून राहिलं असतं.

डेबियनचं बॅकपोर्ट भांडार नुसतं जोडलं म्हणून काही बदलत नाही, हेही मुद्दाम केलेलं आहे. नेहमीच्या भांडाराला ५०० चं प्राधान्य असतं, बॅकपोर्टला १००. तुम्ही नाव घेऊन मागाल तेवढंच तिथून येतं, आणि जे आणलं त्याचे पुढचे अपडेटही तिथूनच मिळतात. उबुंटूवरच्या पीपीएला, म्हणजे कोणीही स्वतः उघडू शकतं अशा जादा भांडाराला, मात्र नेहमीचंच ५०० प्राधान्य मिळतं. एखाद्या प्रोग्रामसाठी पीपीए जोडली आणि पुढच्या अपडेटला अख्खा डेस्कटॉप बदलला, असं होतं ते यामुळे. जोडण्याआधी त्या पीपीएत आणखी काय काय आहे ते वाचून घ्या.

परतीच्या वाटेचा विचार सहसा कोणी करत नाही. पॅकेज मागे नेता येतं, पण तुमची माहिती येईलच असं नाही. नवा प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की बऱ्याचदा तुमच्या सेटिंग्ज आणि डेटाबेस नव्या रचनेत बदलून टाकतो. जुन्याला ती रचना वाचता येत नाही. फायरफॉक्स तर ६७ पासून नव्याने वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही, नवं प्रोफाइल बनवायला सांगतो. म्हणून ईमेल, फोटोंचा संग्रह, हिशेब असं काही सांभाळणारं सॉफ्टवेअर बॅकपोर्टमधून घेणार असाल, तर आधी होम फोल्डरची प्रत काढून ठेवा.

हल्ली पहिला प्रश्न असाही असतो: फ्लॅटपॅक आहे ना, मग बॅकपोर्ट हवाच कशाला? सुट्या प्रोग्रामसाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. फ्लॅटपॅक आपल्या लायब्रऱ्या रनटाइममध्ये सोबत आणतं, त्यामुळे खालची सिस्टीम किती जुनी याला फारसं महत्त्व राहत नाही. रनटाइम शेकडो एमबींचे असतात, गावाकडच्या मर्यादित डेटावर ते जाणवतं. पण मोठी मर्यादा ही की प्लाझ्मा किंवा ग्नोमसारखा डेस्कटॉपच फ्लॅटपॅकमधून बदलता येत नाही. तो सिस्टीमचाच भाग असतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. आयबस किंवा एफसीआयटीएक्स ही टायपिंगची साधनं वापरून आपण जी देवनागरी उमटवतो, ती प्रोग्रामपर्यंत पोचवायला त्या प्रोग्रामच्या टूलकिटसाठी, म्हणजे क्यूटीसारख्या लायब्ररीसाठी, वेगळा जोड लागतो. तुमच्या सिस्टीमवर क्यूटी ५ चा जोड बसवलेला असेल आणि बॅकपोर्टमधून आलेला प्रोग्राम क्यूटी ६ वर बांधलेला असेल, तर त्यात इंग्रजी उमटेल, मराठी बहुधा उमटणार नाही. एफसीआयटीएक्ससाठी क्यूटी ६ चं वेगळं पॅकेज बसवलं की प्रश्न सुटतो. स्वतःची क्यूटी पोटात घेऊन एकाच फाइलमध्ये येणाऱ्या अ‍ॅपइमेजमध्ये मात्र हा जोडच वगळलेला असू शकतो, आणि तो बाहेरून सहजी घालता येत नाही. बॅकपोर्ट तपासणारे बहुतेकजण इंग्रजीतच तपासतात, त्यामुळे हा दोष त्यांच्या नजरेत येत नाही. तो आपणच कळवायचा.

आणि बॅकपोर्ट हवा असेल तर मागणीसोबत काय द्यावं? नवी आवृत्ती छान आहे, एवढ्याने मेंटेनरच्या, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याच्या, हाती काही लागत नाही. जुन्या आवृत्तीत तुमचं कोणतं काम अडतंय ते सांगा. सोर्स तुमच्या सिस्टीमवर बांधून बघता आला तर बघा, आणि कोणत्या लायब्ररीपाशी अडला ते लिहा. तो कुठेच न अडता बांधला गेला, तर ती मेंटेनरसाठी मोठी बातमी असते. वर वर्षभर तपासायची तयारी दाखवलीत, तर होकार मिळण्याची शक्यता खूपच वाढते.